गोल अकरा, बचाव उत्कृष्ट

गोदूबाई केणे स्मृती फुटबॉल स्पर्धेच्या फायनलमध्ये 'उत्कृष्ट बचावफळी'चा चार फुटी चषक ज्या संघाला मिळाला, त्या संघाने त्याच सामन्यात अकरा गोल खाल्ले होते. समोरच्या संघाने खाल्ले शून्य. त्यांच्या बचावफळीला टाळीसुद्धा मिळाली नाही, कारण टाळ्या वाजवणारे तोवर वडापावच्या गाडीकडे गेलेले.

असं काही घडलेलं नाही, असं धरून आपण पुढे जाऊ. साईनाथ तळेकर गेले चार महिने असंच धरून चाललाय आणि त्याची तब्येत ठणठणीत आहे. फक्त जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर तो श्वास रोखतो आणि चौथ्यावर सोडतो. तिसऱ्यावर राजरत्न राहतो.

साईनाथ वागळे इस्टेटमध्ये व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. वय अठ्ठावीस. सहा वर्षं हातात व्हर्नियर धरून त्याची नजरच दशांशात गेली आहे. आईने पोळी वाढली की तो आधी कडेची जाडी बघतो. स्थळाचा फोटो आला की फोटो कधीचा आहे ते विचारतो. कारखान्याने त्याला एकच गोष्ट शिकवली: जे कागदावर आलं नाही, ते झालंच नाही. हे वाक्य त्यांच्या इन्स्पेक्शन रूममध्ये फ्रेम करून लावलंय. फ्रेम कोणी लावली याची नोंद नाही.

आता कोपरच्या पश्चिमेला सात सोसायट्यांची मिळून एक क्रीडा समन्वय समिती आहे. समितीचं कार्यालय म्हणजे सी विंगच्या जिन्याखाली, मीटरच्या खोलीला लागून ठेवलेलं एक टेबल. वेळ रविवारी दहा ते बारा. सचिव आनंद बर्वे. आनंदकाका एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेतून निवृत्त झाले, पण आस्थापना शाखा काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा ते जावक क्रमांक घालून पाठवतात. मागच्या वर्षी साईनाथने उलट 'थँक यू काका' लिहिलं, तर त्यांनी त्याला आवक क्रमांक दिला.

स्पर्धा ज्या मैदानावर होते ते मैदान महिपतशेठ केणे यांचं. मैदानच काय, या सात सोसायट्या ज्या जमिनीवर उभ्या आहेत तीही एके काळी त्यांच्याच घराची. स्पर्धेला त्यांच्या आईचं नाव आहे, त्यांच्या पुतण्याचा एक संघ आहे आणि मंडपही त्यांचाच असतो. त्यामुळे डिसेंबरच्या बैठकीत शेठ बोलायला उभे राहिले तेव्हा सगळ्यांनी मोबाइल खाली ठेवले.

"गोल मारनाऱ्याला दर साल कप देता," शेठ म्हणाले. "आन् राखनाऱ्याला? माजी आय मिठागराचा बांद राखायची. भरती आली का बांदावं उबी. तिला कवा कुनी कप दिला? यंदा राखनाऱ्याला कप. आयच्या नावानं. चार फूट."

"चार फूट जरा मोठा होत नाही का, शेठ?" आनंदकाकांनी नम्रपणे विचारलं.

"आय तेवरीच व्हती."

यावर चर्चा शक्य नव्हती. ठराव मंजूर झाला. प्रश्न उरला परीक्षकाचा. आनंदकाका म्हणाले, "परीक्षक तटस्थ असावा, त्याला तांत्रिक ज्ञान असावं आणि तो रविवारी सकाळी मोकळा असावा." पहिल्या दोन अटींत बरेच जण बसत होते. तिसरीत फक्त साईनाथ बसला.

तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "तो सी विंगचा ना? सी विंगची टीम आहे की. राजरत्न त्याचा दोस्त आहे. म्हणजे झालंच."

'म्हणजे झालंच' हे शब्द साईनाथला कुठे लागले ते व्हर्नियरने मोजता आलं नसतं. ज्या माणसाने स्वतःच्या मामाने पाठवलेला माल दोनदा रिजेक्ट केला होता (मामा अजून बोलत नाहीत), त्याला हे ऐकावं लागावं? तो उभा राहिला. खुर्ची मागे पडली. ती उचलावी की आधी बोलावं या विचारात दोन सेकंद गेले, आणि मग तो म्हणाला, "मी माणूस बघणार नाही. मी फक्त मोजणार."

टाळ्या झाल्या. आयुष्यात माणसाला टाळ्या कधी पडतात ते नीट बघत जावं. बहुतेक वेळा ती चूक असते.

राजरत्न सोनवणे सी विंगचा स्टॉपर. कल्याणच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक. चौदा वर्षं तो संघाच्या मागे उभा राहून खेळला, आणि चौदा वर्षं कप पुढच्यांनी नेले. गुडघ्याचं दुखणं वाढलं होतं, डॉक्टरांनी हा शेवटचा सीझन म्हणून सांगितलं होतं. बैठकीच्या संध्याकाळी तो तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला टेकून उभा होता.

"साई, कप किती उंच आहे रे?"

"चार फूट. का?"

"काही नाही. पप्पा म्हणतात, शोकेसची मधली फळी काढावी लागेल." आणि तो हसला. राजरत्न सहसा काही मागत नाही. हे मागणं नव्हतंच, नुसती चौकशी होती.

साईनाथने इथे 'काढून ठेव' म्हणायला हवं होतं, किंवा नुसतं हसायला हवं होतं, किंवा गेला बाजार चहा तरी प्यायचा. तो म्हणाला, "राजा, स्पर्धा संपेपर्यंत आपण या विषयावर बोलायला नको. मी परीक्षक आहे."

"बरं," राजरत्न म्हणाला.

पुढचे तीन आठवडे साईनाथ कामाला वीस मिनिटं लवकर निघाला, म्हणजे जिन्यात भेट नको. कारखान्यात त्याला वक्तशीरपणाबद्दल शाबासकी मिळाली.

तक्ता बनवायला त्याने कारखान्याचाच फॉर्म घेतला. एफ-सतरा, आवृत्ती दोन. 'व्हॉल्व्ह क्रमांक' खोडून 'खेळाडू क्रमांक' केलं आणि 'गळती' खोडून 'गोल'. रकाने पाच: हिसकावलेले बॉल, अडवलेले शॉट, डोक्याने काढलेले बॉल, गोलरेषेवरून काढलेले बॉल, अंगावर घेतलेले बॉल. प्रत्येकी एक गुण. गोल खाल्ला तर वजा एक. यात काही गोची असेल असं त्याच्या मनातही आलं नाही, कारण कारखान्यात असंच चालतं. गेल्या वर्षी ज्या लाइनने सगळ्यात जास्त खराब माल पकडला, तिला 'उत्कृष्ट लाइन'ची ढाल मिळाली. तो खराब माल बनवलाही त्याच लाइनने होता. पण बनवण्याचा रकाना वेगळ्या फॉर्मवर असतो, आणि तो फॉर्म वेगळ्या मजल्यावर.

तक्ता सोसायटीत फिरला आणि सल्ले सुरू झाले. पहिल्या मजल्यावरच्या दर्शनाकाकू म्हणाल्या, "शिव्या दिल्या की मार्क काप. आणि मॅच झाल्यावर बाटल्या कोण उचलतं तेही बघ. खरा डिफेन्स तिथे कळतो." साईनाथच्या आईचं मत होतं की कोणालाच शून्य देऊ नये. "पोरं नाराज होतात रे. सगळ्यांना सात-आठ, सात-आठ देऊन टाक, आणि कप शेठच्या घरीच ठेवू दे, एवढा मोठा कप पुसणार कोण?" मागे वळून बघता, सगळ्यात शहाणा सल्ला हाच होता.

आनंदकाकांनी तक्ता दोनदा वाचला. चष्मा काढला. "साईनाथ, यात अभिप्रायाचा रकाना नाही."

"काका, अभिप्राय म्हणजे मत आलं. मला मत नकोच आहे."

"अहो, मत असो नसो, रकाना हवा. अभिप्रायाविना तक्ता म्हणजे शेपटीविना पतंग. गोते खातो." असं म्हणून त्यांनी शेवटी स्वतःच्या हाताने एक चौकोन आखला: 'परीक्षकाचा विशेष अभिप्राय, कमाल गुण शंभर'. शंभर का, तर त्यांच्या कार्यालयात तसाच शिरस्ता होता. बाकी सगळ्या रकान्यांत मिळून कोणाला शंभर होतील असं कोणालाच वाटत नव्हतं. म्हणजे त्या एका चौकोनात अख्खा निकाल इकडचा तिकडे करायची ताकद होती, आणि हे कोणाच्या लक्षात आलं नाही. तीन प्रती निघाल्या, तिन्हींवर शिक्का बसला.

फायनल जानेवारीच्या एका रविवारी सकाळी साडेदहाला. एका बाजूला सी विंग. दुसऱ्या बाजूला महिपतशेठच्या पुतण्याचा, कमलेशचा संघ: गोदूबाई इलेव्हन. स्पर्धा सात-सात खेळाडूंची असूनही नाव इलेव्हन. हे नाव त्यांनी त्या दिवशी दुसऱ्या मार्गाने सार्थ केलं. फायनलपर्यंत ते एकही मॅच न खेळता आले होते. पहिल्या मॅचला समोरच्या संघातल्या गोलकीपरची स्वतःची हळद होती आणि अख्खा संघ तिकडे नाचायला गेलेला. दुसऱ्या मॅचला समोरच्या तीन जणांच्या आधार कार्डावर टिटवाळ्याचा पत्ता निघाला. आनंदकाकांनी त्यांना रहिवासाच्या मुद्द्यावर बाद केलं आणि तसं पत्र टिटवाळ्याच्या पत्त्यावर पाठवलं.

परीक्षकाला उंच बसायला हवं म्हणून साईनाथने उंच स्टूल मागितलं होतं. मंडपवाल्याकडे स्टूल नव्हतं. त्याने लग्नात नवरदेव बसतो ती लाल मखमलीची, सोनेरी सिंहांच्या हातांची खुर्ची आणली आणि चार पेव्हर ब्लॉकवर चढवली. साईनाथ त्यावर गळ्यात शिट्टी नाही, हातात फक्त पॅड, अशा अवस्थेत बसला. पहिल्या पाच मिनिटांत तीन म्हाताऱ्या बायकांनी विचारलं, "नवरी कुठाय?"

सामना सुरू झाला आणि गोदूबाई इलेव्हनवर आभाळ फाटलं. सी विंगची पोरं यायची, मारायची, परत यायची. कमलेश आडवा पडायचा. पाठीवर बॉल, पोटावर बॉल, एकदा नाकावर. लोक ओरडायला लागले, "कमल्या! कमल्या!" साईनाथच्या पेनाला उसंत नव्हती. अंगावर, रेघ. डोक्याने, रेघ. रेषेवरून काढला, रेघ. मग गोल, वजा एक. परत अंगावर, रेघ. हाफ टाइमला रिफिल संपली आणि दर्शनाकाकूंनी पर्समधून पेन दिलं.

दुसऱ्या टोकाला राजरत्न उभा होता.

म्हणजे तो अगदी खांबासारखा उभा नव्हता. दोन पावलं डावीकडे जायचा. शेजारच्या बॅकला बोट दाखवून म्हणायचा, "संदेश, आत ये. आणखी आत." संदेश आत यायचा आणि काहीच व्हायचं नाही. गोदूबाई इलेव्हनकडे नयन नावाचा एकच पोरगा होता, पण तो वाऱ्यासारखा पळायचा. आसपासच्या मैदानांवर त्याला अडवणारा बॅक अजून सापडला नव्हता. एकतिसाव्या मिनिटाला नयनला बॉल मिळाला. पुढे सगळं मोकळं होतं. तो सुसाट सुटला, मान वर केली, आणि त्याला दिसलं की तो जिथे जाणार आहे तिथे राजरत्न आधीच येऊन उभा आहे, बस स्टॉपवर उभं राहावं तसा. नयन थांबला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि बॉल मागे देऊन टाकला.

साईनाथचं पेन कागदावर अधांतरी राहिलं. बॉल हिसकावला? नाही. शॉट अडवला? शॉटच नाही. अंगावर, डोक्यावर, रेषेवर? नाही, नाही, नाही. त्याने पाचही रकाने दोनदा तपासले. त्याने नुकतंच काहीतरी पाहिलं होतं आणि ते ठेवायला कागदावर जागा नव्हती. असं त्या सामन्यात चार वेळा झालं. चारही वेळा त्याने पेन खाली ठेवलं.

आणि हे त्याला कळलं नाही असंही म्हणायची सोय नाही. शाळेत असताना सहा वर्षं राजरत्नच्या मागे गोलमध्ये साईनाथच उभा असायचा. तेव्हा पोरं त्याला 'भिंत' म्हणायची. सहा वर्षांत त्याने फार तर तीस बॉल अडवले असतील, कारण तिथवर यायचेच तेवढे. भिंत गोलपोस्टमध्ये नसून दहा पावलं पुढे आहे, हे जगात फक्त एका माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि तो माणूस आत्ता नवरदेवाच्या खुर्चीवर बसून रेघा ओढत होता.

राजरत्नचे वडील गोपीनाथकाका पेपर अंथरून कडेला बसले होते. ते उठून खुर्चीजवळ आले. "साईनाथ, मला यातलं फार कळत नाही. आमचा राजा काय करतोय तिकडे? उभाच दिसतोय."

एक वाक्य पुरलं असतं. साईनाथ म्हणाला, "काका, सामना चालू असताना परीक्षकाशी बोलता येत नाही."

"हो का? सॉरी हं," असं म्हणून काका परत पेपरवर जाऊन बसले आणि उरलेला सामना त्यांनी कमलेशकडे बघत काढला. काय करणार, घडत होतं ते तिकडेच.

सामना संपला. अकरा-शून्य. बेरीज झाली. गोदूबाई इलेव्हन: त्र्याऐंशी वजा अकरा, बहात्तर. सी विंग: सात वजा शून्य, सात. त्यात राजरत्नचे तीन. साईनाथने बेरीज परत केली. चुकीची असती तर बरं झालं असतं, पण सहा वर्षांत त्याची बेरीज चुकली नव्हती.

मग त्याची नजर खालच्या चौकोनावर गेली. विशेष अभिप्राय, कमाल शंभर. त्याने पेन टेकवलं. 'सी विंगच्या क्रमांक चारने' एवढं त्याच्या मनात तयार होतं. पुढचंही तयार होतं. तेवढ्यात खुर्चीमागून आवाज आला, "बघ बघ, आता कसा लिहितोय. सी विंगवाला."

साईनाथने चौकोनात लिहिलं: निरंक. खाली सही केली. तीन प्रती, तीन सह्या.

बक्षीस समारंभात शेठनी चिठ्ठी उघडली आणि माइक चालू असतानाच थांबले. "आनंदराव, यो आमच्या पोरांचा नाव हाय."

"होय, शेठ."

"त्यांनी अकरा खाल्ले ना?"

"शेठ, तक्ता प्रमाणित आहे. समितीने मंजूर केलेल्या निकषांनुसारच झालंय. यात आता अध्यक्षांनाही फेरफार करता येत नाही."

शेठनी माइक बंद केला, साईनाथला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "ज्याचा बांद फुटायचा ना, त्यो भर भरतीत माती टाकायचा, वरडायचा. मुकादम त्याला शाबासकी द्यायचा. माज्या आयचा बांद कवा फुटला नाय. तिचा नाव मुकादमाला ठावं पन नव्हता." त्यांनी चिठ्ठीची घडी घातली. "मना वाटला, तू तरी बगशील."

शेठनी माइक चालू केला आणि पुतण्याचं नाव पुकारलं.

गोदूबाई इलेव्हनला आधी खरंच वाटेना. मग बेंजो वाजला. कमलेशने नाकात कापूस घातलेल्या अवस्थेत साईनाथला मिठी मारली. "दादा, आईशप्पथ, आजपर्यंत आम्हाला वाटायचं आपण बेकार खेळतो. तू आमचे डोळे उघडले." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. सी विंगच्या पोरांनी विजेतेपदाचा कप उचलला, फोटो काढले, नाश्त्याला गेली. एकट्या राजरत्नने वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, मग परत बांधल्या, मग परत सोडल्या.

सरकारी कामाचा नियम असा, की चुकीचं काम एकदा कागदावर बरोबर झालं की ते आदर्श होतं. आनंदकाकांना तक्ता फार आवडला. पंधरा दिवसांत सातही सोसायट्यांत एफ-सतरा लागू झाला. लिफ्टवाल्याने वर्षात एकेचाळीस वेळा लिफ्ट दुरुस्त केली म्हणून त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. शाल घेऊन तो खाली जात असताना लिफ्ट बंद पडली आणि त्याचे बेचाळीस झाले. ए विंगच्या वॉचमनने तीन चोर पकडले, त्याला प्रशस्तिपत्र. सी विंगच्या वॉचमनच्या गेटमधून नऊ वर्षांत एक चप्पलसुद्धा गेली नव्हती. पकडलेले चोर शून्य, गुण शून्य. त्याला 'कामगिरी का दाखवली नाही' असं विचारणारं पत्र गेलं, जावक क्रमांकासह. त्याने ते साईनाथकडून वाचून घेतलं. "साब, चोर लाना पड़ेगा क्या?" त्याने विचारलं.

सामन्यानंतर तिसऱ्याच दिवशी राजरत्न वर आला होता. साईनाथ भांडणाच्या तयारीत होता. भांडण झालं असतं तर ही गोष्ट तिथेच संपली असती आणि दोघं रविवारी मिसळ खायला गेले असते.

"साई, तो कागद बघू दे ना."

साईनाथने तिसरी प्रत दिली. राजरत्नने क्रमांक चारची ओळ शोधली, बोट ठेवून वाचली. प्रयोगशाळेत रीडिंग वाचतात तशी, नीट, डावीकडून उजवीकडे.

"हिसकावलेले एक. डोक्याने दोन. बाकी काही नाही." त्याने कागद परत दिला. "बरोबर आहे रे. मी काय केलं त्या दिवशी? उभाच होतो. पप्पा पण तेच म्हणाले."

"राजा, तसं नाहीये. नयन तुझ्याकडे आलाच नाही, कारण..."

"त्याचा दिवस नव्हता."

"अरे चार वेळा! मी स्वतः बघितलंय!"

"मग लिहिलं का नाहीस?"

हे त्याने टोमणा म्हणून विचारलं नाही. खरंच विचारलं. आणि साईनाथ गप्प बसला, म्हणून त्याला जे उत्तर मिळायचं ते मिळालं. "बघ ना," तो म्हणाला, "चौदा वर्षं मला उगाच वाटत होतं, आपण बरे खेळतो." मग साईनाथच्या आईने दिलेला तिळाचा लाडू खाऊन, छान झालाय सांगून, तो खाली गेला. बूट त्याने दुसऱ्या दिवशी संदेशला देऊन टाकले. संदेशचा पाय एक नंबर लहान आहे. तो पुढे कापूस भरून घालतो.

त्यानंतर साईनाथने जे करायचं ते केलं. म्हणजे उशिरा. आधी तो अपील करायला गेला. आनंदकाकांनी नियम दाखवला: अपील निकालापासून चोवीस तासांच्या आत, कार्यालयीन वेळेतच, आणि फक्त बाधित व्यक्तीनेच करावं.

"काका, निकाल रविवारी साडेबाराला लागला. तुमचं कार्यालय बाराला बंद झालं. पुढे उघडलं ते पुढच्या रविवारी."

"अगदी बरोबर."

"म्हणजे अपील कोणाला कधी करताच येणार नाही."

"त्यामुळेच," आनंदकाका समाधानाने म्हणाले, "आजवर एकही अपील प्रलंबित नाही."

मग तो नयनला गाठायला गेला. नयन व्यायामशाळेबाहेर केळं खात होता. "दादा, खरं सांगू? तो जिथे उभा असतो ना, तिथे जावंसंच वाटत नाही. आपल्या मनातलं त्याला आधीच कळतं, असं वाटतं. डेंजर माणूस आहे." साईनाथने खिशातून कागद काढला. हेच लिहून सही देशील का? नयनने कागदाकडे बघत केळ्याच्या सालीची सावकाश घडी केली. "सही नको रे दादा. कमलेशदादाने कप देव्हाऱ्याशेजारी ठेवलाय. रोज हार घालतो. उगाच त्याचा मूड कशाला घालवायचा?"

राजरत्न आता रविवारी सकाळी मैदानाच्या बाजूने जातो, पण मैदानाकडे बघत नाही. भाजी आणतो. भेटला तर हसतो. तो रागावलेला नाही, हीच पंचाईत आहे. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. पटलेल्या माणसाचं काय करायचं? सोनवण्यांच्या शोकेसची मधली फळी गोपीनाथकाकांनी पुन्हा बसवली. ती बसवताना ठोकल्याचे आवाज चौथ्या मजल्यावर स्पष्ट आले. साईनाथने ते मोजले. अकरा.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी, सव्वादहा वाजता, साईनाथ जिन्याखालच्या टेबलासमोर उभा राहिला आणि त्याने एक अर्ज दिला. आनंदकाकांनी तो वाचला, परत वाचला, चष्मा काढून वाचला. "साईनाथ, या प्रकारच्या मागणीसाठी आपल्याकडे नस्तीच नाही."

"नवीन उघडा, काका."

"नवीन नस्ती उघडायला आधी जुन्या नस्तीत तसा संदर्भ लागतो." तरी त्यांनी आवक क्रमांक दिला. माणूस मनाने वाईट नाही. अर्ज अजून तिथेच आहे, मीटरच्या खोलीच्या भिंतीला खिळ्यावर अडकवलेला. लाइट गेली की लोक त्याच्यावर टॉर्च मारून पुढे फ्यूज शोधतात. मजकूर असा:

'प्रति, मा. सचिव, क्रीडा समन्वय समिती, कोपर (पश्चिम). विषय: न झालेल्या गोलांची नोंद घेण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अंतिम सामन्यात श्री. राजरत्न गोपीनाथ सोनवणे हे योग्य जागी उभे राहिल्यामुळे चार गोल झाले नाहीत. सदर गोल कोणीही मारले नसल्याने, कोणीही अडवले नसल्याने व कोणालाही दिसले नसल्याने त्यांचा पुरावा जोडता येत नाही. तरी सदर चार गोल, तसेच मागील चौदा वर्षांत याच कारणाने न झालेले सर्व गोल समितीने शोधून, मोजून, त्यांची नोंद श्री. सोनवणे यांच्या नावे करावी. आणि तसं पत्र समितीच्या शिक्क्यानिशी तिसऱ्या मजल्यावर त्यांना हातोहात द्यावं, कारण मी तोंडी सांगितलेलं ते आता खरं मानत नाहीत, ही नम्र विनंती.'